व्हिक्टोरिया काळातील औषधाची बाटली कशी ओळखावी, कशी वाचावी आणि कशी जपावी

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, ब्रिटनमध्ये तयार झालेल्या औषधांच्या बाटल्या, गोळ्यांच्या डब्या, मलमाची चिनी मातीची भांडी आणि केमिस्टच्या दुकानातील साहित्य आजही जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना ते रविवारच्या बाजारात दिसते. इकडे मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा एखाद्या वाड्याच्या माळ्यावरील पेटीतही ते निघते, कारण यांतील अनेक औषधे त्या काळी हिंदुस्थानात येत होती. अशी वस्तू कोणत्या काळातील, कोणाची आणि कशासाठी होती हे कसे ठरवावे आणि ती सुरक्षितपणे कशी ठेवावी, ते येथे क्रमाने सांगितले आहे. एक आग्रह मात्र सुरुवातीलाच मांडतो, तो असा की बाटली धुण्यापूर्वी वाचावी. लेबलचा फाटका कोपरा, बुचावर चिकटलेली सरकारी कराच्या तिकिटाची पट्टी आणि बुडाशी सुकलेला तपकिरी थर हाच तिचा पुरावा असतो, आणि नळाखाली धरताच तो कायमचा नाहीसा होतो.

हात लावण्यापूर्वी

बाटलीत काही शिल्लक असेल तर ती उघडू नये, हुंगू नये आणि तिच्यातील पदार्थ जिभेला लावण्याचा विचारही मनात आणू नये. शंभर-सव्वाशे वर्षांत औषध निष्प्रभ झाले असेल हा समज चुकीचा आहे. पारा आणि सोमल (आर्सेनिक) ही द्रव्ये कितीही वर्षे लोटली तरी विषारीच राहतात, आणि व्हिक्टोरिया काळातील औषधांत ती अगदी सर्रास वापरली जात. 'फाउलर्स सोल्युशन' या नावाने विकला जाणारा द्रव म्हणजे सोमलाच्या क्षाराचे पाण्यातील मिश्रण होते. लहान मुलांच्या दात येण्याच्या वेळी द्यायच्या पुड्यांमध्ये कॅलोमेल हे पाऱ्याचे संयुग असे. कुचल्यापासून काढलेले स्ट्रिक्निन शक्तिवर्धक टॉनिकांमध्ये घातले जाई.

जी द्रव्ये काळानुसार अधिक धोकादायक होतात, त्यांच्याबाबत आणखी सावध राहावे लागते. ईथर जुने झाले की त्यात स्फोटक संयुगे तयार होऊ शकतात. भाजलेल्या जखमांवर वापरले जाणारे पिवळे पिक्रिक आम्ल सुकल्यावर धक्क्याने किंवा घर्षणाने स्फोट पावू शकते. म्हणून काचेच्या बुचाभोवती पिवळे स्फटिक जमलेले दिसले तर ते बूच फिरवू नये आणि बाटली हलवूही नये. ती आहे तेथेच ठेवून जवळच्या औषधनिर्माणशास्त्र किंवा रसायनशास्त्र महाविद्यालयातील जाणकारांना बोलवावे. शिल्लक पदार्थ मोरीत किंवा गटारात ओतणे हा उपाय मुळीच नव्हे. हाताळताना पातळ हातमोजे घालावेत, वस्तू खाण्यापिण्याच्या जागेपासून दूर ठेवावी आणि घरात लहान मुले असतील तर कुलपात ठेवावी.

काच काय सांगते

पहिला तपास काचेचा करावा. बाटली आडवी धरून तिच्या बाजूने जाणारी साच्याची शिवण, म्हणजे उभी बारीक रेघ, बोटाने चाचपावी. ही शिवण मानेवर कोठेतरी विरून जात असेल आणि तोंडाची कड वेगळी घडवल्यासारखी दिसत असेल, तर बाटली साच्यात फुंकून तिचे तोंड हाताने पुरे केलेले आहे. शिवण थेट तोंडाच्या कडेवरून पलीकडे जात असेल तर ती पूर्ण यंत्रावर झालेली आहे. ओवेन्सचे पूर्ण स्वयंचलित यंत्र अमेरिकेत १९०३ मध्ये आले, त्यामुळे अशी बाटली व्हिक्टोरिया काळातील म्हणून कोणी विकत असेल तर ती घेऊ नये.

नंतर बूड पाहावे. बुडाच्या मध्यभागी काच तोडल्यासारखा खरखरीत वण असेल तर तोंड घडवताना बाटली बुडाशी लोखंडी सळईवर धरली होती, असे समजावे. ही पद्धत साधारणपणे १८६० च्या सुमारास मागे पडली, म्हणून असा वण असलेली औषधाची बाटली बहुधा कारकिर्दीच्या पूर्वार्धातील असते. ब्रिटनमधील काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाला. त्यानंतर काच स्वस्त झाली आणि उठावाच्या अक्षरांत औषधाचे नाव असलेल्या बाटल्यांचे पीक आले. काचेतील बुडबुडे आणि वेडावाकडा पृष्ठभाग यांवर मात्र फार विसंबू नये, कारण ते आजही मुद्दाम आणता येतात.

रंगाविषयी बरेच गैरसमज आहेत. गडद निळी किंवा हिरवी, सहा पैलूंची, उभ्या धारांची बाटली विषासाठी असे, आणि तिच्यावर 'पोटात घेऊ नये' अशा अर्थाचे शब्द उठावाने कोरलेले असत. मेणबत्तीच्या किंवा तेलाच्या दिव्याच्या उजेडात लेबल वाचता आले नाही तरी हाताला धारा लागाव्यात आणि घेणारा सावध व्हावा, हा त्यामागचा हेतू होता. त्या काळी कार्बोलिक आम्ल, कीटकनाशके आणि पोटात घ्यायचे औषध एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवले जाई, हे लक्षात घेतले की ही काळजी किती आवश्यक होती ते पटते. तरीही केवळ रंगावरून निष्कर्ष काढू नये. निळ्या बाटल्यांत निरुपद्रवी पदार्थही विकले जात, आणि साध्या फिकट हिरवट बाटलीत तीव्र अफूचे मिश्रण असे.

घरोघरच्या डॉक्टरी मिश्रणाची साधी बाटली बहुधा चपट्या पाठीची असते आणि तिच्यावर चमच्यांच्या मापाच्या आडव्या रेघा उठावाने दिलेल्या असतात. अशा बाटलीवर औषधाचे नाव नसते, कारण ती केमिस्ट डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे भरून देत असे. तिचे मोल तिच्यावरील गावाच्या आणि दुकानदाराच्या नावात असते.

किंमत, तिकीट आणि पत्ता

माझ्या मते या साऱ्या अभ्यासाचा गाभा येथे आहे, आणि बहुतेक संग्राहक नेमके हेच वगळून पुढे जातात. या औषधांना सरसकट 'पेटंट औषधे' म्हणत असले, तरी त्यांतील फार थोड्यांवर खरोखरचे पेटंट होते. पेटंट घ्यायचे तर कृती उघड करावी लागते, आणि या धंद्याचे सारे बळ कृती गुप्त ठेवण्यात होते. कायद्याचे संरक्षण नावाला मिळे, आणि १८७५ च्या व्यापारचिन्ह नोंदणी कायद्याने ते अधिक पक्के झाले. म्हणून लेबलवर नोंदणीकृत व्यापारचिन्हाचा उल्लेख असेल तर ते लेबल त्या कायद्यानंतरचे समजावे.

सरकारने मात्र या औषधांवर तिकीट-कर बसवला होता. १७८३ मध्ये सुरू झालेला हा कर १९४१ मध्ये रद्द झाला. व्हिक्टोरिया काळातील त्याचे दर ठरलेले होते (१२ पेन्सचा १ शिलिंग): १ शिलिंगपर्यंतच्या औषधावर १½ पेनी, अडीच शिलिंगपर्यंत ३ पेन्स, ४ शिलिंगपर्यंत ६ पेन्स आणि १० शिलिंगपर्यंत १ शिलिंग. दुकानदार हा कर मूळ किमतीत मिळवून सांगत. म्हणूनच त्या काळच्या जाहिरातींत आणि लेबलांवर १ शिलिंग १½ पेनी, २ शिलिंग ९ पेन्स, ४ शिलिंग ६ पेन्स आणि ११ शिलिंग याच विचित्र वाटणाऱ्या किमती पुन्हा पुन्हा येतात. या किमती दिसल्या की वस्तू करपात्र औषधाची आहे हे निश्चित होते. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, हा कर दुप्पट झाला आणि १ शिलिंगाचे औषध १ शिलिंग ३ पेन्सला मिळू लागले. त्यामुळे लेबलवर १ शिलिंग ३ पेन्स अशी किंमत असेल तर ते लेबल व्हिक्टोरिया काळातील नाही, मग बाटली कितीही जुनी दिसो.

तिकीट म्हणजे कागदाची लांबट छापील पट्टी असे. ती बुचावरून किंवा डबीच्या झाकणावरून अशी चिकटवत की उघडताना फाटलीच पाहिजे. मोठे उत्पादक आपले नाव या सरकारी पट्टीवरच छापून घेत, आणि आपल्या नावाची पट्टी नसेल तर माल नकली समजावा असे जाहिरातीत बजावत. याचा त्यांना दुहेरी लाभ होई. नकलांना आळा बसे, आणि सरकारी शिक्का पाहून सामान्य माणसाला वाटे की हे औषध सरकारने तपासून मान्य केले आहे. वस्तुतः तो निव्वळ कर भरल्याचा पुरावा होता. आज ही पट्टी अखंड मिळणे दुर्मीळ आहे, म्हणून बुचाखाली अडकलेला तिचा अर्धा तुकडाही जपून ठेवावा.

आता एक बाटली जवळून पाहू. डॉ. कॉलिस ब्राउन यांचे क्लोरोडाइन हे हिंदुस्थानाशी थेट नाते असलेले औषध होते. जॉन कॉलिस ब्राउन हे हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्यात शल्यवैद्य होते आणि पटकीवर (कॉलऱ्यावर) उपाय म्हणून त्यांनी १८४८ मध्ये हे मिश्रण तयार केले. त्यात अफूपासून काढलेले मॉर्फिन, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क होता. १८५६ मध्ये त्यांनी उत्पादनाचा हक्क लंडनच्या जॉन थिसलवूड डेव्हनपोर्ट यांना दिला. बाटली लहान आणि फिकट हिरवट असते आणि तिच्यावर ब्राउन व डेव्हनपोर्ट ही दोन्ही नावे उठावाने असतात. पत्ता ३३ ग्रेट रसेल स्ट्रीट, ब्लूम्सबरी असा येतो. फ्रीमन नावाच्या प्रतिस्पर्ध्याने त्याच नावाचे औषध काढल्यावर प्रकरण न्यायालयात गेले. १८६४ मध्ये न्यायाधीश पेज वुड यांनी ब्राउन हेच मूळ संशोधक असल्याचे नमूद केले, आणि त्यानंतर हे वाक्य डेव्हनपोर्टच्या जाहिरातींत वर्षानुवर्षे छापले गेले. लेबलवर न्यायाधीशांच्या मताचा उल्लेख असेल तर ते १८६४ नंतरचे आहे. लेबलवर 'विष' हा शब्द असेल तर ते आणखी पुढचे, कारण १८६८ च्या फार्मसी कायद्याने अफूवर निर्बंध घातले तरी पेटंट औषधांना वगळले होते, आणि १८९२ मध्ये डेव्हनपोर्टवर खटला झाल्यानंतरच क्लोरोडाइनवर हा शब्द छापणे भाग पडले. एवढ्याशा कागदावर तीन तारखा मिळतात, आणि त्याही कोणत्याही तज्ज्ञाला न विचारता.

पत्त्यावरूनही काळ नेमका ठरतो. थॉमस हॉलोवे यांनी १८३७ मध्ये मलम विकण्यास सुरुवात केली आणि नंतर गोळ्याही आणल्या. त्यांचा धंदा १८६७ पर्यंत लंडनमधील २४४ स्ट्रँड येथे होता, त्यानंतर तो ५३३ ऑक्सफर्ड स्ट्रीट येथे गेला. त्यामुळे हॉलोवेच्या मलमाच्या पांढऱ्या भांड्यावर स्ट्रँडचा पत्ता असेल तर ते १८६७ पूर्वीचे ठरते. याच भांड्यावर संधिवात, जुनाट व्रण, स्तनांची सूज, डोक्यावरील खरूज आणि पायांच्या जखमा यांवर एकच मलम चालते असे लिहिलेले असते. हॉलोवे यांनी जाहिरातींवर अफाट खर्च केला, वापराच्या सूचना हिंदुस्थानातील देशी भाषांतही छापल्या, आणि मिळवलेल्या संपत्तीतून स्त्रियांसाठी महाविद्यालय उभारले, ज्याचे उद्घाटन १८८६ मध्ये खुद्द राणीने केले. औषधाविषयी काहीही मत असले तरी स्त्रीशिक्षणासाठी वेचलेल्या या पैशाची नोंद घ्यावीच लागते.

कंपनीच्या नावातील बदलही उपयोगी पडतात. नॉटिंगहॅमच्या बूट्स या दुकानाच्या मालावर 'बूट्स प्युअर ड्रग कंपनी लिमिटेड' असे नाव असेल तर तो १८८८ किंवा त्यानंतरचा आहे. बरोज वेलकम या कंपनीची स्थापना लंडनमध्ये १८८० साली झाली आणि 'टॅब्लॉइड' हे तिच्या दाबून केलेल्या गोळ्यांचे नोंदणीकृत नाव १८८४ चे आहे. लेबलवर 'बी. पी.' ही अक्षरे असतील तर औषध ब्रिटिश फार्माकोपिया या औषधांच्या अधिकृत प्रमाणग्रंथाप्रमाणे केलेले असते. हा ग्रंथ प्रथम १८६४ मध्ये निघाला, त्यामुळे त्याआधीच्या लेबलवर ही अक्षरे असू शकत नाहीत. चिनी मातीच्या वस्तूवर खेळाच्या पत्त्यांतील चौकटसारखे चिन्ह असेल तर तिच्या आकाराची किंवा नक्षीची नोंदणी १८४२ ते १८८३ या काळात झाली, आणि चिन्हाऐवजी नुसता नोंदणी क्रमांक असेल तर ती १८८४ पासून पुढची आहे. मात्र ही तारीख नोंदणीची असते, निर्मितीची नव्हे. एकदा नोंदलेला आकार पुढे अनेक वर्षे वापरला जाई.

दावे कसे वाचावेत

लेबलवरील दावा आणि आतील घटक हे दोन वेगळे विषय आहेत आणि त्यांच्या नोंदीही वेगवेगळ्या ठेवाव्यात. बीचमच्या गोळ्या हे याचे ठळक उदाहरण. थॉमस बीचम यांनी १८५९ मध्ये सेंट हेलेन्स येथे बस्तान बसवले आणि डबीची किंमत एका गिनीच्या, म्हणजे २१ शिलिंगांच्या, मोलाची असल्याची घोषणा केली, जी पुढे घराघरांत पोहोचली. डबी मात्र १ शिलिंग १½ पेनीला मिळे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये अशा अनेक गुप्त औषधांचे पृथक्करण प्रसिद्ध केले, तेव्हा या गोळ्यांत काळा बोळ, सुंठ आणि साबण एवढेच निघाले, आणि ५६ गोळ्यांच्या घटकांचा खर्च अर्ध्या फार्दिंगच्या आसपास भरला. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. काळा बोळ रेचक आहे, त्यामुळे गोळी घेतल्यावर काहीतरी घडल्याची खात्री गिऱ्हाइकाला पटत असे. अनेक गोळ्यांचे यश याच एका गुणावर उभे होते.

दाव्यांतील काही शब्द उघड अर्थाने घेऊ नयेत. 'रक्तशुद्धी' या शब्दाखाली बऱ्याचदा उपदंशावरील औषध विकले जाई, कारण त्या रोगाचे नाव छापणे शक्य नव्हते. स्त्रियांच्या 'अनियमिततेवर' किंवा 'अडथळ्यांवर' उपाय सांगणाऱ्या गोळ्या पुष्कळदा गर्भपातासाठी घेतल्या जात, आणि त्यांनी अनेकींचे प्राण धोक्यात घातले. लहान मुलांना 'शांत' करणारे सरबत म्हणजे बहुधा अफूचे किंवा मॉर्फिनचे मिश्रण असे. गॉडफ्रेज कॉर्डियल हे ब्रिटनमधील आणि मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप हे अमेरिकेतील त्याचे प्रसिद्ध नमुने. गिरणीत दिवसभर राबणाऱ्या आया ही औषधे बाळांना देत, आणि जास्त मात्रेमुळे किंवा सततच्या गुंगीत दूध न प्यायल्याने कित्येक बाळे दगावली. अशी बाटली प्रदर्शनात मांडताना हे सांगितल्याशिवाय मांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यावरील गुटगुटीत बाळाचे चित्र पाहून लोकांनी नुसतेच कौतुक करून पुढे जाणे योग्य नाही.

सगळेच औषध फसवे होते असेही मानू नये. १८५१ मध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी तयार केलेले ग्राइप वॉटर मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. त्यातील सोडा आणि बाळंतशोपाचा अर्क आपल्या आजीबाईच्या बटव्याला परके नव्हते, फक्त मूळ कृतीत मद्यार्कही होता. ईनोचे फ्रूट सॉल्टही याच काळातील. एतद्देशीय उद्योगाचे उदाहरण द्यायचे तर काशीनाधुनी नागेश्वरराव यांनी १८९३ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या अमृतांजनचे देता येईल. राणीच्या हयातीत याच शहरात निघालेला तो मलम आजही दुकानांत आहे.

जाहिरातीतील बक्षिसाची घोषणाही नीट वाचावी. कार्बोलिक स्मोक बॉल हा रबरी चेंडू नाकाने हुंगायचा होता. त्याच्या वापरानंतरही इन्फ्लुएन्झा झाल्यास १०० पौंड देऊ आणि त्यासाठी १००० पौंड बँकेत ठेवले आहेत, असे कंपनीने जाहीर केले. श्रीमती कार्लिल यांना १८९२ च्या जानेवारीत इन्फ्लुएन्झा झाला, त्यांनी दावा लावला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडील कायद्याच्या विद्यार्थ्यांना करार शिकताना हा खटला पहिल्याच वर्षी भेटतो. त्या काळची ही जाहिरात किंवा डबी कोणाकडे असेल तर तिचे महत्त्व औषधाच्या इतिहासापलीकडचे आहे.

दुकानातील साहित्य

केमिस्टच्या फळीवरील मोठ्या बाटल्यांवर लॅटिन नावे संक्षेपाने लिहिलेली असतात, आणि थोडी ओळख झाली की ती सहज उलगडतात. पल्व्हिस म्हणजे चूर्ण, अंग्वेंटम म्हणजे मलम, सिरपस म्हणजे पाक, ओलियम म्हणजे तेल, अक्वा म्हणजे पाणी आणि टिंक्चुरा म्हणजे मद्यार्कातील अर्क. नावाचा दुसरा शब्द द्रव्याचा असतो. तेथे ओपियाय दिसले तर अफू समजावी आणि वर सांगितलेली सारी काळजी घ्यावी.

वजनांचा हिशेब आपल्याला फारसा परका वाटणार नाही. २० ग्रेनचे एक स्क्रुपल, ३ स्क्रुपलचा एक ड्रॅम, म्हणजे ड्रॅम ६० ग्रेनचा होतो. आपला ब्रिटिशकालीन तोळा १८० ग्रेनचा होता, म्हणजे बरोबर ३ ड्रॅम. पितळी तराजूच्या पेटीतील वजने तपासताना हे एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. पितळ आणि महॉगनी लाकडाचे गोळ्या पाडण्याचे यंत्र, बूच दाबण्याचा बिडाचा चिमटा आणि जळवा ठेवण्याचे सच्छिद्र झाकणाचे भांडे या वस्तूंना आज मोठी मागणी आहे, आणि मागणी आहे तेथे नकलाही आहेत.

दंतमंजनाच्या लेपाच्या पांढऱ्या डब्या मात्र अजून आवाक्यात आहेत. त्यांवर काळ्या अक्षरांत 'अरेका नट टूथ पेस्ट' असे छापलेले पुष्कळदा आढळते. अरेका नट म्हणजे आपली सुपारी. दात पांढरे करण्यासाठी तिचे चूर्ण इंग्लंडमधील गावोगावचे केमिस्ट आपापल्या नावाने विकत. एकेका गावाची डबी जमवणारे संग्राहक तेथे आहेत, आणि कोकणातील वाचकाने असा संग्रह सुरू केला तर त्याला एक वेगळीच गोडी येईल.

सोमलाची बाटली किंवा विषांच्या विक्रीची नोंदवही हाती आली तर तिच्यामागचा कायदा ठाऊक असावा. १८५१ च्या कायद्याने सोमल विकताना गिऱ्हाइकाची सही घेणे आणि किरकोळ विक्रीच्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळणे बंधनकारक झाले. तरीही १८५८ मध्ये ब्रॅडफर्ड येथे पेपरमिंटच्या गोळ्यांत भेसळीच्या निरुपद्रवी पुडीऐवजी चुकून सोमल गेला, सुमारे २० माणसे दगावली आणि २०० च्या आसपास आजारी पडली. १८६८ चा फार्मसी कायदा होण्यामागे अशा घटनांचा मोठा वाटा होता. त्या कायद्यानंतर विषाच्या बाटलीवर 'विष' हा शब्द, द्रव्याचे नाव आणि विक्रेत्याचे नाव-पत्ता असणे आवश्यक ठरले.

नक्कल ओळखताना

सर्वांत सामान्य फसवणूक म्हणजे खरी जुनी कोरी बाटली आणि तिच्यावर नवे लेबल. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून लेबल पाहावे. त्यातील चित्र समान अंतरावरील रंगीत ठिपक्यांनी बनलेले असेल तर छपाई बहुधा आधुनिक आहे. अंधारात अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी लेबलवर धरावी. कागद निळसर पांढरा झळकला तर त्यात चमक आणणारी रसायने आहेत, आणि ती विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच कागदात सर्रास आली. जुन्या बाटलीच्या बुडावर निरनिराळ्या दिशांचे बारीक ओरखडे असतात. एकाच दिशेचे सारखे ओरखडे खरकागदाने पाडलेले असतात. जांभळ्या झाकेची काच महाग विकली जाते. मँगनीज असलेली काच उन्हात वर्षानुवर्षे राहिल्यावर हलकी जांभळी होते हे खरे, पण किरणोत्सर्गाने तीच काच हवी तेवढी गडद करून देण्याचा धंदाही चालतो. रंग फार गडद आणि सर्वत्र सारखा असेल तर ती घेऊ नये.

जतन आणि कायदा

लेबल नसलेली रिकामी बाटली कोमट पाण्यात सौम्य साबणाने, हातमोजे घालून आणि भांडी घासण्याच्या जागेपासून दूर धुवावी. उकळते पाणी वापरू नये, जुनी काच तडकते. आतला दुधाळ धूसरपणा हा काचेलाच लागलेला क्षय असतो, तो आम्लाने घासून काढण्याच्या भरीस पडू नये. लेबल असलेल्या बाटलीवर फक्त मऊ कोरडा ब्रश फिरवावा. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यातील दमट हवा आणि कसर हे कागदाचे खरे शत्रू आहेत. म्हणून डब्या आणि लेबले आम्लरहित कागदात गुंडाळून सिलिका जेलसह बंद पेटीत ठेवावीत, जेल दर काही आठवड्यांनी बदलावे आणि पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नये.

भारतात अफू, मॉर्फिन, कोकेन किंवा गांजाचा अंश असलेली बाटली बाळगणे आणि विकणे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, म्हणून भरलेली बाटली विकत घेऊच नये. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, त्या त्या काळाच्या विज्ञानाची किंवा कलेची साक्ष देणारी वस्तू परवानगीविना परदेशी पाठवता येत नाही. परदेशातील गिऱ्हाइकाशी सौदा ठरवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी.

शेवटी प्रत्येक वस्तूसाठी एक कार्ड करावे. त्यावर वस्तू कोठे आणि कोणाकडून मिळाली, उंची, रंग, शिवण कोठे थांबते, बुडाचा प्रकार, उठावाचा आणि छापील मजकूर जसाच्या तसा, किंमत, पत्ता, आतील अवशेषाचे वर्णन आणि ठरवलेला काळ कोणत्या खुणेवरून ठरवला ते लिहावे. जेथे खूण नाही तेथे वर्ष लिहू नये, 'सुमारे' असे लिहून दोन टोकांची वर्षे द्यावीत. शेजारी पट्टी ठेवून चारही बाजूंची आणि बुडाची छायाचित्रे घ्यावीत. कार्ड पेन्सिलीने लिहावे आणि ते वस्तूला न चिकटवता तिच्यासोबत त्याच पेटीत ठेवावे.